जजसाहेबांची लोखंडी पेटी

भिकाजी सखाराम रेडकर यांनी बारा वर्षांत जजच्या खुर्चीसाठी अकरा निवडणुका लढवल्या. दहा जिंकल्या, एक विरोधकाच्या बिर्याणीने हरवली. आणि मधली एक, अगदी हातात आलेली, त्यांनी लढवलीच नाही. मी त्यांचा प्रचारप्रमुख. हरलेल्या निवडणुकीचं मला काही वाटत नाही, ती बिर्याणी मीही खाल्ली होती. पण त्या न लढवलेल्या निवडणुकीपायी मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोललो नव्हतो, आणि आज हे सगळं सांगायला बसलोय ते त्यासाठीच.

जज म्हटल्यावर काळा कोट आणि उंच व्यासपीठ डोळ्यांसमोर आणू नका. आमचे जजसाहेब अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत हेल्पर होते. कंपनी पोलादी टाक्या आणि जिने बनवायची. आम्ही दोनशे बारा माणसं कंपनीच्याच कॅम्पात राहायचो, एका खोलीत आठ. त्यात आम्ही कोकणातले-देशावरचे चाळीसेक, बाकी मल्याळी, पठाण, बंगाली. खरी कोर्टं अबूधाबी शहरात होती आणि कंपनीविरुद्धची तक्रार लेबर ऑफिसात जायची. आमच्या कोर्टात यायचं ते उरलेलं सगळं. खालची खाट कोणाची, एसी किती वाजता लावायचा, नळावर कोणाची बादली कोणी सरकवली. तुम्हाला हसू येईल. पंचेचाळीस डिग्रीत दहा तास काम करून आलेल्या माणसाची बादली सरकवून बघा, मग हसा.

भाऊ, म्हणजे आम्ही मराठी लोक त्यांना भाऊ म्हणायचो, मूळचे राजापूर तालुक्यातले. गावाकडे अकरा वर्षं ते तालुक्याच्या कोर्टात रोजंदारीवर शिपाई होते. काम एकच, दारात उभं राहून पुकारा करायचा. अमुक अमुक हाजिर हो! आत वकील काय बोलतात, साहेब काय विचारतात, ते दाराच्या फटीतून ऐकून ऐकून त्यांचा कायदा पाठ झाला. कायम काही झाले नाहीत. शेवटी कंटाळून अठ्ठ्याऐंशी साली इकडे आले. येताना सामान थोडंच होतं, पण आवाज बरोबर आणला होता.

एक्क्याण्णवमध्ये खालच्या खाटेवरून एक पठाण आणि एक मल्याळी असे भिडले की मधे पडायची कोणाची छाती होईना. भाऊ तेव्हा मेसच्या दारात ताट घेऊन उभे होते. त्यांनी ताट खाली ठेवलं, पोट आत घेतलं आणि पुकारा केला, "दोनों पार्टी, हाजिर होऽऽ!" सगळा कॅम्प थिजला. ते दोघेही एकमेकांची कॉलर सोडून पुढे येऊन उभे राहिले. का आले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भाऊंनी अर्ध्या तासात निकाल दिला. मल्याळ्याचा गुडघा दुखतो म्हणून खालची खाट त्याला, आणि पठाणाला खिडकीजवळची जागा. त्या दिवसापासून ते जजसाब झाले.

कॅम्प बॉसला हे आवडलं, त्याचा निम्मा ताप कमी झाला. फक्त म्हणाला, "कोर्ट-बिर्ट नाम नहीं चलेगा. मेस सेक्रेटरी बोलो." कागदावर मेस सेक्रेटरी, तोंडी जज, आणि दर जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी निवडणूक.

मतदानाची पद्धत माझी. मी टाइमकीपर, हिशेबी माणूस. प्रत्येक मतदाराला एक लोखंडी नट आणि एक पितळी वॉशर द्यायचा. नट म्हणजे भाऊ, वॉशर म्हणजे विरोधक. तुपाच्या रिकाम्या डब्याला फडक्याची बाही शिवली होती, तीत हात घालून दोन्हींतलं एक सोडायचं आणि दुसरं पोत्यात टाकायचं. पहिल्या वर्षी आवाजावरून कळायला लागलं. नट ठक्कन पडायचा, वॉशर छन्न. पठाण कान देऊन बसले होते. मग मी डब्याच्या तळाला टॉवेल घातला.

मोजणी हा तर सोहळाच असायचा. वर्कशॉपमधला एक जुना, जाडजूड, कान तुटलेला मॅग्नेट होता, पत्रे उचलायचा. डबा टेबलावर ओतायचा आणि त्यावरून मॅग्नेट फिरवायचा. भाऊंची मतं टपाटप उडून वर चिकटायची, विरोधकाची टेबलावर पडून राहायची. लोक शिट्ट्या मारायचे. मग दोन्ही ढीग एक मल्याळी आणि एक पठाण दोनदा मोजायचे. आपल्या नावावर उड्या मारणारी मतं बघून कोणाला मस्ती चढणार नाही? भाऊंनाही थोडी चढली होती. मला तर फारच.

प्रचार आम्ही नळाच्या रांगेत आणि सकाळच्या बसमध्ये करायचो. भाऊ भाषण करत नसत. बसच्या दारात उभे राहून चढणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायचे, दोनशेच्या दोनशे नावं. चौऱ्याण्णवमध्ये विरोधी उमेदवाराने निवडणुकीच्या दुपारी मटण बिर्याणी घातली आणि आम्ही नऊ मतांनी पडलो. पुढच्या वर्षी भाऊंनी जाहीरनामा दिला, "मैं कुछ नहीं खिलाऊँगा. पर किसी का हक भी नहीं खाऊँगा." एकसष्ट मतांनी आले.

आता आमच्या कोर्टातली सगळ्यात मोठी शिक्षा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दंड आम्ही घेत नसू. लहान गुन्ह्याला कांदे सोलायचे, मोठ्याला पाण्याची टाकी धुवायची. पण त्याहून मोठी शिक्षा होती "सामान बंद".

सुट्टीवर जाणारा माणूस कधीच एकट्याचं सामान नेत नाही. त्याच्या बॅगेत निम्म्या कॅम्पाची गाठोडी असतात. कोणाचं साबण-अत्तर, कोणाची औषधं, आणि प्रत्येक गाठोड्यात एक कॅसेट. पत्र घरच्या बाईला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं, मग तिला ऐकवायचं ते सगळ्या वाडीला कळायचं. कॅसेटमध्ये आपण बोलायचं आणि तिने दार लावून ऐकायचं. या गाठोड्यांवरून भांडणं व्हायची म्हणून भाऊंनी कायदा केला. प्रत्येकाचं जास्तीत जास्त दोन किलो, ताणकाट्यावर वजन भाऊंसमोर, पांढऱ्या फडक्यात शिवून भाऊंच्या सहीने बंद, आणि माणूस निघेपर्यंत गाठोडी भाऊंच्या खाटेखालच्या लोखंडी पेटीत. "सामान बंद" म्हणजे एक वर्ष त्या माणसाचं गाठोडं, पत्र, कॅसेट कोणीही हाताने न्यायचं नाही आणि आणायचं नाही. पोस्ट उघडं असायचं, पण पोस्टाने बायकोशी कोण बोलतं? सहा वर्षांत ही शिक्षा भाऊंनी एकदाच दिली. रोशनला.

रोशन दापोलीचा, स्प्रे पेंटर, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. कामाला वाघ, पण गाण्यांचा नाद. रेडिओवर गाणं लागलं की हाताला येईल त्या कॅसेटवर उतरवून घ्यायचा. एकदा तर त्याने मेसमधल्या भजनाच्या कॅसेटवरच लावणी भरली होती. गुरुवारी आरती म्हणून बटण दाबलं तर ढोलकी सुरू. तेव्हा त्याने आठवडाभर कांदे सोलले होते.

सत्त्याण्णवच्या मेमध्ये रोशन सुट्टीवर गेला. त्याच्याबरोबर अकरा गाठोडी होती. त्यातलं सगळ्यात जड होतं अहमदचं. अहमद आमचा हेड वेल्डर, रत्नागिरीकडचा. शांत, पाच वेळा नमाज पढणारा, शब्दाचा पक्का. त्याच्या मुलीला, जहांआराला, स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांची अट होती की बापाचा होकार बापाच्या तोंडून ऐकू दे. अहमदने एका कॅसेटमध्ये होकार, देणंघेणं, तारीख, सगळं बोलून पाठवलं. घरी चार माणसं बसली, कॅसेट लावली आणि आतून आलं फक्त घूं घूं. मधेच अहमदचा आवाज वर यायचा, एखादा शब्द, आणि परत बुडायचा. मुलाकडच्यांना वाटलं, बापाच्या मनात नाही म्हणून ही टाळाटाळ. स्थळ मोडलं.

कॅसेट परत आली ती थेट कोर्टात. सगळ्यांनी ऐकली. आणि सगळ्यांच्या माना एकदम रोशनकडे वळल्या.

"मी हात लावला नाही," रोशन म्हणाला. "पुसलं असतं तर वर गाणी असती ना? आणि शिवण तशीच होती. अहमदभाईंच्या बायकोने, झुबेदाभाभींनी, स्वतः कात्रीने उसवली, विचारा अहमदभाईंना."

"शिवण परत घालता येते," भाऊ म्हणाले. "माझ्या पेटीतून सीलबंद गेलं. त्यानंतर ते तुझ्याच हातात होतं. बिघडलं कुठे मग?"

"ते मला नाही माहीत, भाऊ."

"मला माहीत आहे. एक वर्ष सामान बंद. खलास."

वीस मिनिटांत निकाल. खरं सांगतो, मलाही तो बरोबर वाटला. प्रत्येकाच्या हातावर शंका घेतली, फक्त भाऊंच्या पेटीवर कोणी घेतली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

रोशनने शिक्षा मानली. त्याची आई, ठकुबाई, तिला धड दिसत नव्हतं. नंबर मागवून त्याने इथे चष्मा करून घेतला होता. "नव्वद दिरहॅमचा आहे, म्हणजे जवळजवळ नऊशे रुपये," असं सांगत ऑगस्टमध्ये तो चष्मा घेऊन सुट्टीवर जाणाऱ्या तिघांकडे फिरला. तिघांनीही हात मागे घेतले. मग त्याने पोस्टाने पाठवला. दोन्ही काचा फुटून पोचला.

जानेवारी अठ्ठ्याण्णव. निवडणूक आठ दिवसांवर. या वेळी समोर अहमद उभा होता. मी गणित मांडून ठेवलं होतं, भाऊ चाळीस मतांनी तरी येणार होते. त्या गुरुवारी लांज्याचा एक माणूस सुट्टीवरून परतला आणि त्याने गिरिजावहिनींची, म्हणजे भाऊंच्या बायकोची कॅसेट आणली. भाऊंनी ती पेटीच्या तळाशी सरकवून कुलूप लावलं. खोलीतल्या पोरांना दुसऱ्याच्या बायकोचा आवाज ऐकायची भारी हौस. शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी मला दारात उभं केलं आणि टेपरेकॉर्डर कानाशी घेतला.

पाच मिनिटांनी आत बघितलं तर भाऊ भिंतीकडे बघत बसले होते. टेपरेकॉर्डरमधून येत होतं घूं घूं. मधेच वहिनींचा आवाज, "...तर मी..." आणि परत घूं घूं.

"कॅसेट जुनी असेल, भाऊ."

ते उठले. पेटी उघडली, एक एक वस्तू बाहेर काढली. ताणकाटा, वही, फडकी, तुपाचा डबा. तळाला मॅग्नेट होता. त्याला दोन सुया आणि एक किल्ली चिकटली होती. आधीची पाच वर्षं तो वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये असायचा. सत्त्याण्णवच्या निवडणुकीनंतर नवीन स्टोअरकीपरने ठेवून घ्यायला नकार दिला आणि मीच तो आणून भाऊंच्या पेटीत टाकला होता. मीच.

भाऊंनी माझ्या उशाखालची माझी आवडती गाण्यांची कॅसेट उचलली, मला न विचारता मॅग्नेटवर ठेवली आणि घड्याळ लावून तासभर बसून राहिले. मग लावली. घूं घूं.

"सगळ्यात जड म्हणून अहमदचं गाठोडं तळाला ठेवलं होतं," ते म्हणाले. "त्याच्यावर. बाकीची वर होती, म्हणून वाचली."

मी दार लावून घेतलं. "भाऊ, ऐका. हे कोणाला कळलेलं नाही. आठ दिवस थांबा. निवडणूक होऊ द्या, मग सांगा. निवडून आल्यावर सांगितलं तर मोठेपणा दिसेल. आत्ता सांगितलं तर अहमदच्या हातात कोलीत द्याल."

"आठ दिवस रोशन आणखी चोर राहील."

"सात महिने राहिलाय, आठ दिवसांनी काय फरक पडतो?"

बोललो आणि जीभ चावली. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"रामा, अकरा वर्षं दुसऱ्यांची नावं पुकारली," ते म्हणाले. "आत साहेब चुकायचे तेव्हा मला बाहेर कळायचं. मी म्हणायचो, हा माणूस उठून सांगत का नाही, चुकलो म्हणून? आता मी खुर्चीत आहे, आणि तू मला सांगतोस गप्प बस."

कोर्ट जुम्म्याच्या नमाजीनंतर, जेवणं उरकली की साडेतीनला भरायचं. त्या दिवशी मेस खच्चून भरली होती, निवडणूक जवळ होती ना. भाऊंनी नेहमीसारखं खुर्चीत बसून वही उघडली. मग उभे राहिले, पोट आत घेतलं आणि पुकारा केला.

"भिकाजी सखाराम रेडकर, हाजिर होऽऽ!"

लोक हसले. त्यांना वाटलं प्रचाराचा काहीतरी नवीन प्रकार. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा हसू कमी झालं. तिसऱ्यांदा पुकारून ते खुर्चीवरून उतरले आणि पाण्याच्या कूलरजवळ, जिथे आरोपी उभा राहायचा, तिथे जाऊन उभे राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं, हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. मॅग्नेट दाखवला. तीन कॅसेट वाजवल्या, अहमदची, गिरिजावहिनींची आणि माझी. तिन्हींतून तेच घूं घूं. मग म्हणाले, "रोशन ने सच बोला था. सिलाई के बारे में भी सच बोला था. मैंने सुना नहीं, क्योंकि सुनता तो मेरी पेटी पे शक करना पड़ता." मॅग्नेट पेटीत कोणी टाकला, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठायला हवं होतं. उठलो नाही.

मग ते रोशनला म्हणाले, "खुर्चीत बस. निकाल दे."

रोशन बसायला तयार नव्हता. अहमदनेच त्याला खांद्याला धरून बसवलं. मला वाटलं, पोरगा आता रडेल, भाऊंच्या पाया पडेल, सगळं मिटेल. तसलं काही झालं नाही. सात महिने चोर म्हणून जगलेला माणूस तो.

"मला किती दिली होती?" त्याने विचारलं.

"एक वर्ष."

"मग एक वर्ष. सामान, पत्र, कॅसेट. खलास."

भाऊंनी मान डोलावली आणि त्याच जागेवरून निवडणुकीतून नाव मागे घेतलं. अहमद बिनविरोध जज झाला. सभा संपल्यावर तो कूलरजवळ आला. मी पुढे सरकलो, म्हटलं हाणामारी होते की काय. पण त्याने हात उचलला नाही. म्हणाला, "मुलगी डी.एड.ला जाते म्हणते. जाऊ दे म्हटलं. तुमच्यामुळे मोडलं ते मोडलं, पण इन्शाल्ला वाईट नाही होणार तिचं." आणि निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो भाऊंशी कामापुरतंच बोलायचा. त्याला दोष देता येत नाही.

मी मात्र एकदम अबोला धरला. जिंकलेली निवडणूक या माणसाने उचलून कूलरमध्ये टाकली होती. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मला राग त्यांचा नव्हताच. मॅग्नेट मी ठेवला होता आणि कूलरजवळ ते एकटे उभे राहिले होते. त्यांना तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "पेटी माझी होती ना? चहा सांग."

वहिनींना त्यांनी पोस्टाने कार्ड टाकलं, कॅसेट खराब झाली, काय बोललीस ते कळव. उत्तर कोणाच्या तरी हातचं आलं, "इकडे सर्व ठीक आहे." एवढंच. मार्चमध्ये अहमदने कोर्टात स्वतःहून विचारलं, "शिक्षा माफ करूया का?" रोशनने काही म्हणायच्या आत भाऊच म्हणाले, "नाही. त्याला माफ झाली नव्हती."

मेमध्ये रोशन आईचा नवा चष्मा घेऊन सुट्टीवर निघाला. निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या खोलीत आला. सात महिने आणि वर चार, तो आमच्या खोलीत आला नव्हता. दारातच उभा राहून म्हणाला, "भाऊ, तुमचं सामान मी नेणार नाही. कोर्टाचा हुकूम आहे."

"बरोबर आहे."

"कॅसेट नाही, चिठ्ठी नाही."

"नाही."

"पण हुकमात तोंडाचं काही नव्हतं. वहिनींना काय सांगायचं ते मला सांगा. पाठ करतो."

भाऊंनी दोनच वाक्यं सांगितली. "तुझी कॅसेट माझ्याच हातून पुसली. काय बोलली होतीस ते एकदा परत सांग." रोशनने ती आमच्यासमोर तीनदा म्हणून दाखवली.

दापोलीहून राजापूर म्हणजे शेजार नव्हे. दोन एसट्या बदलून, शेवटचे चार मैल चालत, तो माणूस भर मे महिन्यात रिकाम्या हातांनी वहिनींच्या दारात गेला. परत आला तो जूनमध्ये, आणि आल्याच्या पहिल्याच शुक्रवारी कोर्टात उभा राहिला.

"कोणावर तक्रार?" अहमदने विचारलं.

"तक्रार नाही. निरोप आहे. गिरिजावहिनी म्हणाल्या, ते सगळ्यांसमोर कोर्ट भरवतात ना, मग सगळ्यांसमोरच सांग."

भाऊ मागे माझ्याशेजारी बसले होते. रोशन हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणावी तसा बोलायला लागला.

"डिसेंबरात मी कॅसेटमध्ये विचारलं होतं, पंचायतीत बायकांची जागा आलीय, वाडीतले म्हणतात उभी राहा, तर मी राहू का? तुमचं कार्ड आलं ते पोस्टमनने वाचलं. त्याच्या हातून परत कसं विचारू? त्याचीच भावजय समोर उभी होती. फॉर्म भरायची तारीख आली. लग्नाला बावीस वर्षं झाली, तुम्हाला न विचारता काही केलं नव्हतं. हे केलं. एकोणीस मतांनी निवडून आले. आता परत विचारते, चालेल का? नाही म्हणालात तरी पाच वर्षं खुर्ची सोडता येणार नाही."

कोणीतरी मल्याळ्यांना हिंदीत सांगितलं आणि मेसचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. पठाणांनी ताटं वाजवली. अहमद खुर्चीतून उठून भाऊंकडे आला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने त्यांना मिठी मारली. "मुबारक, जजसाब. आपकी मिसेस तो असली इलेक्शन जीत गई."

भाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायचंही भान नव्हतं. मला तर वाटतं, दहा निवडणुका जिंकून त्यांना एवढा आनंद झाला नसेल. रोशन जवळ आल्यावर त्यांनी काय विचारावं? "मोजणी कोणी केली? दोनदा केली ना?"

पुढच्या डिसेंबरमध्ये त्यांनी मला बाजूला घेतलं. "रामा, माझं नाव दे."

"यल्ला, चला! एकदम मूड कसा आला?"

"घरात आता मेंबर आहे. सुट्टीत गेलो आणि कोणी विचारलं, हे कोण, तर तिने काय सांगायचं? हेल्पर?"

जाहीरनाम्यात या वेळी एकच ओळ होती. गाठोडी पेटीत नाही, लाकडी कपाटात राहतील, आणि कपाटाला दोन कुलपं असतील, एक किल्ली रोशनकडे. मॅग्नेट वर्कशॉपच्या भिंतीला खिळ्यावर टांगला गेला. फक्त मोजणीच्या दिवशी तो खाली यायचा, आणि त्या दिवशी मेसमध्ये कॅसेट आणायची बंदी असायची. अहमद परत उभा होता आणि त्याने वर्ष चांगलं चालवलं होतं, लढत सोपी नव्हती. मी मॅग्नेट फिरवला. नट टपाटप वर आले, पण या वेळी टेबलावर पितळही भरपूर राहिलं. दोनदा मोजलं. भाऊ अठरा मतांनी आले.

शिक्षेची मुदत आठवड्यापूर्वीच संपली होती. त्याच रात्री भाऊ कॅसेट घेऊन माझ्या खाटेवर बसले, वहिनींना निकाल सांगायला. मी हळूच म्हटलं, "भाऊ, वीस सांगा. तिकडे मोजायला कोण येतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लाल बटण दाबलं आणि पुकाऱ्याच्या आवाजात बोलले, "गिरिजे, अठरा मतांनी आलो. तुझ्यापेक्षा एक कमी." मग कॅसेट बाहेर काढली आणि ठेवायला रोशनकडे दिली.